सरंजामेबाई आणि पितळी भोंगा

कुमुद सरंजामेंनी शहरातल्या अशोका गार्डन भागातलं एका बँडवाल्याचं दुकान फोडलं आणि आतला पितळी भोंगा पळवला, यावर माझा काही दिवस पक्का विश्वास होता. भोंगा म्हणजे पिपाणी नव्हे. वरातीत सगळ्यांच्या मागे एक जाडा माणूस अजगर गुंडाळल्यासारखा अंगाभोवती घेऊन चालतो आणि मधूनमधून ‘भों’ करतो, तो. सरंजामेबाई दिसायला खारकेसारख्या, वजनाला ओल्या टॉवेलाएवढ्या. त्यांनी तो भोंगा उचलायचा म्हटला असता तर भोंगाच त्यांना घेऊन गेला असता. पण मी तेव्हा टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका न चुकता बघत होते, आणि त्या बघणाऱ्या बाईला अशक्य असं काही वाटतच नाही.

आता सत्तरी ओलांडली. नात म्हणते, “आजी, तू पहिल्यापासून अशीच का गं?” मी म्हणते, नाही बाळा, आधी फार वाईट होते, हे सुधारलेलं रूप आहे. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या ऐन वयात.

आमची टाउनशिप महाराष्ट्राबाहेर, हिंदी मुलखात, गोविंदपुऱ्याला लागून. सरकारी कारखाना, सरकारी क्वार्टर, सरकारी पिवळा रंग, आणि दोन क्वार्टरांमध्ये मेंदीचं सरकारी कुंपण. आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच होती. काही आमच्यासारखी पुण्याहून बदलीवर आलेली, काही ग्वाल्हेर-इंदूरकडची, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचीच. पुण्याहून आलेल्यांना वाटे, मराठी आपण सोबत आणली आहे आणि ती इथे जपून वापरायची आहे. असं वाटणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. सरंजामेबाई ग्वाल्हेरच्या. ‘मला माहीत पडलं’ असं त्या म्हणाल्या की मी मनातल्या मनात वाक्याखाली लाल रेघ मारायची. ती रेघ त्यांना दिसत असावी, कारण मग त्या तेच वाक्य मुद्दाम पुन्हा म्हणायच्या.

त्यांचे यजमान कारखान्यात इंजिनिअर, म्हणून शेजारचं क्वार्टर त्यांना मिळालं. बाई स्वतः मात्र शहरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत जात. चोरी-मारामारीच्या जागी सापडलेल्या वस्तू तिथे यायच्या, आणि त्या वस्तूंवर कोणाच्या अंगाचं काय मागे राहिलं आहे ते बाई शोधायच्या. घाम, थुंकी, कातडीचा डोळ्यांना न दिसणारा कण. त्यातून डीएनए काढायचा आणि डीएनएवरून माणूस. हे काम करून करून त्यांना जगातल्या प्रत्येक वस्तूवर माणसं बसलेली दिसत. दाराच्या कडीवर माणसं, नळाच्या तोटीवर माणसं. त्यामुळे त्या दार कोपराने उघडत आणि दिव्याचं बटण बोटाच्या पेराने दाबत. सरंजाम्यांचा घरात स्वतःचा चमचा, स्वतःचा पेला आणि स्वतःची उशी होती, आणि त्यांतलं एखादं चुकलं तर त्यांना चुकल्याची जाणीव करून दिली जाई.

त्या राहायला आल्या त्या दिवशी मी वाटीभर साखरभात घेऊन गेले. दार कोपराने उघडलं गेलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, वाटीकडे पाहिलं.

“ही वाटी किती घरं फिरून आली?”

“म्हणजे? माझ्याच घरून आणली.”

“आज. त्याआधी?”

आता तुम्हाला ठाऊक आहे, स्टीलच्या भांड्यांवर आपण नाव घालून घेतो. पण आमच्या गल्लीत कुठल्याच घरात त्या घरच्या नावाची वाटी उरली नव्हती. वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम. तुमच्या वाटीत माझी खीर, माझ्या वाटीत घाणेकरांची उसळ, आणि ती कायम वाटेवर. मी साखरभाताची वाटी किंचित तिरकी करून पाहिली. तिच्यावर ‘रानडे’ असं होतं.

“म्हणजे या वाटीवर तुम्ही आहात,” बाई म्हणाल्या, “रानडे आहेत, आणखी आठ-दहा लोक असतील. इतक्यांना साखरभात पुरेल का?”

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. उकळून काढलेली, आरशासारखी, आणि रिकामी. मी ती रिकामी वाटी गल्लीभर नेऊन दाखवली. लोकांनी ती मयताच्या बातमीसारखी पाहिली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “हात लावला की माणूस तिथे राहतो.” एवढं म्हणून थांबायच्या आणि मग पुढचं अर्धं सांगायच्या, “आणि मग तिथून पुढे जातो. बिनतिकीट.” आम्ही पहिल्या अर्ध्यालाच हसून मोकळ्या व्हायचो. पुढच्या अर्ध्याकडे माझंही लक्ष नव्हतं, आणि सगळी गोष्ट तिथेच होती.

रानडे हे आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सचिव. कारखान्यात ते गुणवत्ता तपासत आणि मंडळात भाषणं करत. गणपतीत त्यांचं भाषण सुरू झालं की आरतीचा कापूर दोनदा लावावा लागे. माइक ते असा ओठांशी धरत, जणू त्याला काहीतरी भरवायचं आहे. एका वर्षी भाषणाआधी सरंजामेबाई सहज म्हणाल्या, “रानडेसाहेब, तो माइक पुसत नाही ना कोणी कधी? मंडळाच्या स्थापनेपासून जो जो बोलला, तो आहे त्याच्यावर. मागचे अध्यक्षही असतील.” मागचे अध्यक्ष वारले होते. रानड्यांनी माइक एकदम हातभर लांब धरला. त्या वर्षीचं भाषण पहिल्यांदाच कोणाला ऐकू आलं नाही, आणि पुष्कळ लोकांनी सरंजामेबाईंचे जाऊन आभार मानले.

हळदीकुंकवाला त्या यायच्या, पण करंड्यात बोट घालायच्या नाहीत. पर्समधून आगकाडी काढून तिच्या टोकाने कुंकू लावायच्या. समोरच्या सवाष्णीला वाटे आता ही पेटवणार. मात्र एका बाबतीत बाईंचं सगळं शास्त्र झोपलेलं असायचं. त्यांना क्रोशाचा नाद होता. दुपारी बसमधून उतरल्या की व्हरांड्यात रुमाल विणत बसायच्या, आणि दोरा तोडायची वेळ आली की कात्री शेजारी असूनही तो दातांत धरून कटकन तोडायच्या. टोक ओलं करायचं तर जिभेने. मी हे कुंपणावरून रोज बघत होते आणि गुप्तहेर असल्यामुळे त्यातून काहीही निष्कर्ष काढला नव्हता.

रिकाम्या वाटीचा विषय मी काही सोडला नाही. भेटल्या की टोमणा. “काय हो कुमुदताई, ग्वाल्हेरला शेजारी नसतात का?” “आमच्याकडे बाई वाटीला सुद्धा माहेरपण असतं.” असं वर्षभर चाललं असेल. शेवटी त्या एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, “बरं. पाळते तुमचा शेजारधर्म.” आणि त्या रविवारी वाटीभर मुगाच्या डाळीचा हलवा आला. वाटी अर्थातच उकळलेली. वर झाकायला नुकताच पुरा केलेला क्रोशाचा रुमाल, चारी कोपऱ्यांना मोती. हलवा असा होता की मी पुण्याची असूनही गप्प बसले. अर्धा आम्ही खाल्ला, अर्धा मी तोच रुमाल झाकून घाणेकरांकडे पाठवला. शेजारधर्म पुढे सरकला.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी गल्लीत पोलिसांची जीप आली आणि सरंजाम्यांच्या फाटकाशी थांबली.

मी मेंदीला पाणी घालत होते. जीप दिसल्यावर मी पाणी बंद केलं आणि मेंदीत खाली बसले. तिथून चांगलं ऐकू येतं. इन्स्पेक्टर तरुण होता, बिचारा संकोचलेला. हातात एका पहारीचा फोटो.

“मैडम, ये सब्बल अशोका गार्डन की दुकान में मिली है। चोर छोड़ के भागा।”

“अच्छा।”

“इस पर आपका डीएनए है।”

“माहीत पडलं मला,” बाई मराठीत पुटपुटल्या. मग हिंदीत म्हणाल्या, “है तो होगा। मैंने ये सब्बल कभी देखी नहीं।”

“तो फिर आपका डीएनए क्या अपने-आप चल के गया?”

“हाँ,” बाई म्हणाल्या. “वो यही करता है।”

इन्स्पेक्टरने लिहायला पेन काढलं आणि न लिहिता परत ठेवलं. मग तो फोटो घेऊन गल्लीत घरोघर गेला. सगळ्यांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि मान हलवली. आमच्या कोणाच्या ओळखीची ती नव्हती. ती पहार आमचीच होती, हे नंतर कळलं. पण त्याला इलाज नव्हता. आम्ही तिला जन्मात कधी आडवी पाहिली नव्हती.

संध्याकाळपर्यंत बातमी क्लबात पोचली आणि तिथून ताजी होऊन परत आली. बाई कुलपं फोडतात. बाईंची टोळी आहे. कोपराने दारं उघडतात ती उगीच का, ठसे राहू नयेत म्हणून. हे शेवटचं माझं. मला ते इतकं आवडलं की मी ते गल्लीत जिथे जिथे जाईन तिथे सांगितलं. “त्यांना भोंगा कशाला लागेल पण?” असं आमच्या घरून विचारणा झाली. मी म्हटलं, “तेच तर शोधायचंय.”

शोधायचं म्हणजे मी रोज मेंदीत बसायचं. तिसऱ्या की चौथ्या सकाळी मला तो आवाज ऐकू आला. सरंजाम्यांच्या मोरीकडून, खोल, घोगरा, पितळी: भों… भोंऽऽ… मी इतकी हलले की मेंदी हलली. मग आवाज थांबला, कोणीतरी थुंकलं, आणि सरंजाम्यांचा आवाज आला, “अगं, मिठाचं पाणी जास्त गरम झालंय.” ते गुळण्या करत होते.

याच बैठकीत माझ्या पायाशी मेंदीच्या बुंध्यात एक मळकं फडकं सापडलं. घाम पुसायला उचललं, आणि पुसता पुसता कोपऱ्यातला मोती गालाला टोचला. क्रोशाचा रुमाल. मधोमध तांबड्या गंजाचे पट्टे. मला पुरावा सापडला होता. मालिकेत या जागी जोरात संगीत वाजतं. मी तो रुमाल चिमटीत धरला, आत्ताच त्याने तोंड पुसलं होतं हे विसरून, आणि सरळ सरंजाम्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. कामावर गेल्या नव्हत्या. मी त्यांना अशा नुसत्या बसलेल्या आधी कधी पाहिल्या नव्हत्या. क्रोशासुद्धा हातात नव्हता.

“कुमुदताई, आता मला सगळं सांगा,” मी म्हटलं, मालिकेतल्या त्या भारदस्त साहेबासारखी.

त्यांनी खरंच सांगितलं. “प्रयोगशाळेत आम्हा सगळ्यांचे डीएनए आधीच नोंदवून ठेवलेले असतात. काम करताना आपलंच काही वस्तूवर पडलं तर ओळखता यावं म्हणून. ही सब्बल आली तेव्हा मी रजेवर होते. तपासली दुसऱ्यानेच. आणि तिच्यावर निघाले मी. आता साहेब म्हणतात, दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुम्ही चोर आहात, नाहीतर तुमच्या हाताने प्रयोगशाळेत घाण होते. चोर नाही हे ते मानतात.”

“मग झालं की.”

“झालं कसं? घाण होते म्हटलं की मला टेबलावरून उठवून स्टोअरमध्ये बसवतील. ते बसवू देत. पण मग माझी मागची सगळी कामं उघडणार. माझ्या शब्दावर कोणी आत बसलंय वसुधाताई, कोणी सुटून घरी गेलंय. ते सगळे वकील उद्या उभे राहतील, म्हणतील ही बाई तर स्वतःच सब्बलीवर सापडली. आणि मला सांगता येत नाही मी तिच्यावर कशी गेले. सगळ्या जगाला मी सांगते, कोण कुठून कुठे गेला. माझंच मला माहीत पडत नाही.”

त्या वेळी मी मनात रेघ मारली नाही. रुमाल पुढे केला.

बाईंनी तो हातात घेतला नाही. आधी चिमटा आणला, चिमट्याने धरला, खिडकीशी नेला. गंजाचे पट्टे पाहिले, रुमालाला पडलेल्या गाठीच्या सुरकुत्या पाहिल्या. “हा मी तुम्हाला हलव्यावर झाकून दिला होता.”

“हो. मी तो घाणेकरांकडे पाठवला.”

“लोखंडाला कोणी बांधला?”

घाणेकरांच्या आजी अंगणात कोथिंबीर निवडत होत्या. त्या गुहागरच्या. दर वर्षी गावाहून पोतंभर असोले नारळ यायचे, आणि ते सोलायला गल्लीत एक पहार होती. ती कोणाची हे कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला नारळ सोलायचा तो ती मागून न्यायचा, अंगणात अर्धी गाडायचा, आणि पुढचा येऊन उपटून नेईपर्यंत ती तिथेच उभी असायची. बाईंनी रुमाल दाखवल्यावर आजींचा चेहरा खुलला.

“अगंबाई, सापडला का? पहारीला मीच गुंडाळला होता. नुसतं लोखंड असं हातातून हातात देऊ नये. काहीतरी नेसवून द्यावं. हलव्यावरचा होता, मोती लावलेला, म्हटलं शोभेल.”

“आणि पहार कुठे आहे?”

“रानड्यांनी नेली ना.”

रानड्यांना विचारलं. ते म्हणाले पहार आमच्याकडे. मी म्हटलं आमच्याकडे कुठली, ती घाणेकरांकडे. गल्लीतल्या प्रत्येक घराला पहार दुसऱ्याच्या घरी आहे याची पूर्ण खात्री होती, आणि त्या खात्रीच्या भरवशावर ती केव्हाची चोरीला गेली होती. रानड्यांनी न्यावी म्हणून आजींनी ती आमच्या कुंपणाला टेकवून ठेवली होती. चोराने येता-जाता उचलली, रुमाल सोडून मेंदीत फेकला आणि अशोका गार्डन गाठलं.

सरंजामेबाई आजींच्या ओट्यावर टेकल्या, अंगाखाली काहीही न अंथरता. “विणताना महिनाभर माझ्या हातात होता,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. “दर दोऱ्याला थुंकी. वाटी उकळली, रुमाल नाही उकळला, आकार जाईल म्हणून.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघा वसुधाताई. जन्मात एकदा शेजारधर्म पाळला आणि दुकान फोडताना सापडले.”

आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. हसणं बरंचसं त्यांच्या यजमानांच्या गुळण्यांसारखं होतं.

पण साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, वाटीवरचा रुमाल, रुमालावरून पहार, पहारीवरून दुकान: ही गोष्ट झाली, पुरावा नाही. असं होऊ शकतं हे दाखवा. बाई म्हणाल्या, दाखवते. तुमचा खिशातला रुमाल द्या.

साहेबांचा रुमाल दिवसभर कपाळ आणि मान पुसलेला होता. तो पाकिटात बंद होऊन आला. गोविंदपुऱ्यातून नवी कोरी पहार आणली गेली, प्रयोगशाळेत धुऊन, तपासून, तिच्यावर कोणीही नाही याची खात्री करून. प्रयोगशाळेतल्याच एका तरुण मदतनिसाला, पायापासून डोक्यापर्यंत झाकून, देखरेखीला बसवलं. तो आमच्या अंगणात आला तेव्हा गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत गेली. नंतर कोण कोणाचं हे ओळखता यावं म्हणून बाईंनी आम्हा सगळ्यांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली. रानड्यांनी तोंड उघडण्याआधी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली.

“काडी आत असताना बोला,” बाई म्हणाल्या.

मग मी हलवा केला. गल्लीतल्या एका वाटीत घातला, साहेबांचा रुमाल झाकला आणि घाणेकरांकडे नेला. आजींना यातलं काही सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांनी ते मुद्दाम केलं असं कोणी म्हणू नये. आजींनी हलव्याचा वास घेतला. “मागचा बरा होता,” म्हणाल्या. मदतनिसाने नवी पहार समोर नुसती ठेवून सांगितलं, “आजी, ये पड़ोस में देना है।” आजींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. “अशी उघडी नंगी?” आणि शेजारी पडलेला साहेबांचा रुमाल उचलून पहारीला नेसवला, वर गाठही मारली.

निकाल आला त्या दिवशी प्रयोगशाळेत काय झालं हे बाईंनी कधी सांगितलं नाही. त्या मदतनिसाने सांगितलं. बाई कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. कोपराने दार उघडलं.

“सर, आप हमारी गली में नारियल छीलने कब आए थे?”

साहेब म्हणाले, मी तुमची टाउनशिप पाहिलेलीसुद्धा नाही.

“नई सब्बल पर आप हैं,” बाई म्हणाल्या. “जीप भेजूँ?”

साहेबांनी कागद वाचला, परत वाचला, आणि आपला रुमाल परत मागितला. बाई म्हणाल्या, तो आता पुरावा आहे. त्या दुपारी बाई आपल्या टेबलावर परत बसल्या. जुनी कामं उघडली गेली नाहीत.

त्या पहारीवर आजी होत्या, मी होते, आणि एका टोकाला, फिकटसे, रानडेही होते. रानडे त्या दिवशी सकाळपासून बिट्टन मार्केटमध्ये भाजी घेत होते. त्यांनी पहार पाहिली नाही, रुमाल पाहिला नाही, हलवा तर त्यांना मी दिलाच नव्हता. पण वाटीवर त्यांचं नाव होतं, आणि बहुधा नुसतं नाव नव्हतं. ही गोष्ट रानड्यांना फार आवडली. पुढच्या गणपतीत ते माइक हातभर लांब धरून म्हणाले की सचिव हा जिथे नसतो तिथेही असतो.

चोर पुढे आपोआप सापडला. भोंगा विकायला गेला तर घेईना कोणी, आणि लपवावा म्हटलं तर लपेना. गोविंदपुऱ्यातल्या एका बंद शेडमागे पोत्यांखाली ठेवला होता. पोरांनी शोधून काढला आणि वाजवला, आणि आवाज ऐकून सगळ्यांत आधी धावत आला तो चोरच. मी ही बातमी सरंजामेबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, “पोरांनी वाजवला? तोंड लावून?” आणि डोळे मिटून घेतले.

त्या बदलल्या नाहीत. कडी कोपरानेच, कुंकू आगकाडीनेच. फरक इतकाच की वाटी आता भरून यायला लागली. वर झाकलेला रुमाल उकळलेला असे, त्यामुळे आकसून, पिळवटून, वाळलेल्या कारल्यासारखा झालेला. आणि कोर्टात म्हणे त्या पूर्वी थेट सांगायच्या, याचा डीएनए मिळाला. पहारीनंतर पुढे एक वाक्य जोडायला लागल्या: मिळाला म्हणजे हा तिथे होता, असं मी म्हणत नाही. त्या वाक्यावर वकील चिडायचे. बाई पाणी प्यायच्या, स्वतःच्या पेल्यातून.

सरंजामे निवृत्त झाले आणि त्यांनी क्वार्टर सोडलं. सामानाचा टेम्पो त्यांच्या फाटकाशी उभा होता. सरंजामे आपली उशी छातीशी धरून मागे गाद्यांवर बसले होते. बाई निरोप घ्यायला आमच्या अंगणात आल्या तेव्हा मी वाटी पुढे केली. साखरभातच, पहिल्या दिवसासारखा. बाईंनी वाटी घेतली, तिरकी करून नाव पाहिलं.

“आताही रानडेच.”

“ती परत करू नका,” मी म्हटलं.

“बरं आहे. नाहीतर ग्वाल्हेरहून रिकामी पाठवली असती.”

मग त्या टेम्पोकडे निघाल्या. वाटेत आमचं फाटक बंद होतं. मी उघडायला पुढे झाले, पण त्या थांबल्या, वाटी डाव्या हातात घेतली, आणि उजव्या हाताचा पंजा, पाचही बोटं पसरून, फाटकाच्या लोखंडावर ठेवला. ढकलायला तेवढं लागत नाही. कोपराने ते फाटक उघडतं, एरवी त्या आल्या की तसंच उघडायचं. पंजा तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी फाटक ढकललं, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढल्या, आणि सवयीने हात पदराला पुसला.

दिवाळीच्या आधी टाउनशिपचा रंगारी आला. मी त्याला सगळं घर रंगवू दिलं, फाटकाला हात लावू दिला नाही. घरून इशारा आला, “गंज चढेल त्याला.”

चढला.